मावशीचा लॉकर

लॉकरला दोन चाव्या लागतात. आधी बँकेची फिरते, मग लॉकरधारकाची. मावशी गेल्यावर तिची चावी देव्हाऱ्याच्या खणात सापडली, नाहीतर लॉकर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावून लॉकर फोडावा लागला असता.

मावशीने लग्न केलं नव्हतं. नॉमिनी म्हणून मामाचं नाव होतं, त्यामुळे वारस दाखल्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. कागद पूर्ण असतील तर पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या लॉकरविषयक निर्देशांत होतं. खरा पेच वेगळाच होता. आमच्या घरी लॉकर नव्हता, म्हणून आईची बोरमाळ वर्षानुवर्षं मावशीकडेच असायची. मराठी घरांत हे सर्रास चालतं, आणि त्याचा कागद कुठेच नसतो.

लॉकर उघडल्यावर दोन साक्षीदारांसमोर बँकेचे अधिकारी एकेक वस्तू उचलून छापील तक्त्यात लिहू लागले. ‘पिवळ्या धातूच्या पाटल्या, नग दोन.’ सोनं म्हणून लिहीत नाहीत, कारण कस लावायला तिथे सराफ नसतो. एक सीलबंद पाकीट निघालं. ते न उघडता तसंच नोंदवलं. नियमच तसा आहे.

बोरमाळ निघाली तशी आई पुढे झाली. तक्त्यात वर्णनाशेजारी ओळखीच्या खुणांचा रकाना असतो. “साहेब, मधला एक मणी चेपलाय आणि गोंडा नवा आहे, तेवढं लिहा.” अधिकाऱ्यांनी मणी उलटसुलट करून पाहिला आणि लिहिलं. बहुतेक लोक हा रकाना मोकळा सोडतात. मला मात्र सगळ्या कागदांत तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

तरी बँकेने बोरमाळ आईला दिली नाही. देऊ शकत नाही. बँक सगळं नॉमिनीच्या हवाली करून मोकळी होते, कोणाचं काय ते ठरवत नाही. नॉमिनी मालक नसतो, वारसांच्या वतीने वस्तू ताब्यात घेणारा असतो. मावशीचे वारस म्हणजे मामा आणि आई. पण बोरमाळ मावशीची नव्हतीच, मग तिची वाटणी कसली?

आईने सराफाची जुनी पावती आणि लग्नातला फोटो आणला होता. मामाने तो पाहिलाही नाही. “ताई, मला ठाऊक नाही का?” म्हणत बाहेरच्या बाकावर त्याने बोरमाळ तिच्या हातात ठेवली. आईने तरी पोच लिहून दिली, पुढे मामेभावंडांना शंका नको म्हणून.

मामा असा होता म्हणून निभावलं. भाऊबहिणींत बेबनाव असता, तर दिवाणी दावा लावून मालकी शाबीत करण्याचं ओझं आईवर आलं असतं. तुमचा दागिना कुणाच्या लॉकरमध्ये असेल, तर वस्तू, वजन, खूण आणि तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढून ठेवा. आणि स्वतःच्या लॉकरचा नॉमिनी कोण आहे, तो हयात आहे का, हे याच आठवड्यात बँकेत जाऊन पाहा.