एका गीतातून उलगडणारे आयुष्य

प्रसिद्ध कलावंताचे आयुष्य पडद्यावर मांडताना जन्म, संघर्ष, कीर्ती आणि अखेर हा क्रम बहुधा ठरलेला असतो. अमेरिकी गायक आणि अभिनेते पॉल रोबसन यांच्यावरील ‘पॉल रोबसन : ट्रिब्यूट टु ॲन आर्टिस्ट’ या माहितीपटाने मात्र एका गीताचा धागा हाती धरला. सॉल टुरेल यांनी दिग्दर्शित केलेल्या, १९७९ सालच्या या जेमतेम अर्ध्या तासाच्या माहितीपटाला सिडनी पॉटिए यांचे निवेदन लाभले आहे. सर्वोत्कृष्ट लघु माहितीपटाचे ‘ऑस्कर’ही त्याला १९८० मध्ये मिळाले.

रोबसन यांचा जन्म १८९८ मध्ये न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे झाला. गुलामगिरीतून निसटलेले त्यांचे वडील पुढे धर्मोपदेशक झाले. रोबसन यांनी कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. परंतु वकिलीतही वर्णद्वेष आडवा आला आणि ते रंगभूमीकडे वळले. ‘शो बोट’ या संगीत नाटकाच्या १९२८ मधील लंडनच्या प्रयोगांत त्यांनी गायलेले ‘ओल मॅन रिव्हर’ हे गीत त्यांची ओळखच बनले.

मिसिसिपीकाठच्या कृष्णवर्णीय हमालाचे हे गीत. मूळ शब्दांतील हमाल थकलेला, जगण्याला कंटाळलेला आहे. तिसऱ्या दशकानंतर, १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात, रोबसन यांनी हे शब्द बदलले. चाल तीच राहिली. पण त्यांचा हमाल आता अखेरपर्यंत लढण्याची भाषा बोलू लागला. दुसऱ्याने लिहून दिलेली शरणागती गाण्याचे त्यांनी नाकारले होते. वेगवेगळ्या काळातील सादरीकरणांमधून हा बदल प्रेक्षकाला ऐकवणे, हेच या माहितीपटाचे बलस्थान आहे.

या भूमिकेची किंमत मोठी होती. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर सुरू झालेल्या रोबसन यांच्या ‘ऑथेल्लो’चे २९६ प्रयोग झाले. अवघ्या सात वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांच्या राजकीय मतांमुळे अमेरिकी सरकारने त्यांचे पारपत्र रद्द केले. देशातील सभागृहांची दारेही बंद होत गेली. १९५७ मध्ये वेल्समधील खाणकामगारांसाठी त्यांना अटलांटिक महासागराखालील दूरध्वनी तारेवरून गावे लागले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे पारपत्र परत मिळाले, तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या गीताचा प्रवाह भारतापर्यंतही पोहोचला. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना भूपेन हजारिका यांच्यावर रोबसन यांचा प्रभाव पडला. त्यातूनच ‘बिस्तीर्ण पारोरे’ हे असमिया गीत आणि पुढे त्याचे ‘गंगा बहती हो क्यों’ हे हिंदी रूप साकारले. ही गाणी कानांत असलेल्या रसिकांनी त्यांचे मूळ समजून घेण्यासाठी तरी हा माहितीपट आवर्जून पाहावा.