पहिला सिंथेसायझर घेताना

दहावी-बारावीचा निकाल लागला की चिरंजीव घड्याळ किंवा सायकल मागत, तो काळ मागे पडला. हल्ली काही मुले ॲनालॉग सिंथेसायझर मागतात आणि पालक गोंधळून आमच्याकडे येतात. पेटीवर चार बोटे फिरतात, एवढाच आमचा या विषयातला अधिकार. परंतु खर्च लहान नसल्यामुळे दोन शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लग्नाच्या वाद्यवृंदात दिसणारा कीबोर्ड वेगळा. त्यात बासरी, सतार, तबला यांचे आवाज आयते भरलेले असतात. ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये यातले काहीच नसते. ऑसिलेटर विजेची कंपने निर्माण करतो, फिल्टर त्यांतला काही अंश गाळतो, आणि स्वर कसा उगवावा, किती टिकावा, कसा मावळावा हे एन्व्हलप ठरवतो. या तिन्हींच्या खुंट्या पिळून आवाज आपणच घडवायचा. ‘तबला कोठे आहे?’ असे विचारणाऱ्या मुलाला कीबोर्डच घेऊन द्यावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

पूर्वी हे यंत्र कपाटाएवढे असे. असेच एक मूग यंत्र १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने अहमदाबादेच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत उभे केले, म्हणजे आम्हां बडोदेकरांपासून अवघ्या दोन तासांच्या वाटेवर! पुढे १९७० मध्ये मिनिमूग आला आणि वाद्य काखोटीला मारून नेण्याजोगे झाले. त्या काळची जुनी यंत्रे आजही विकली जातात. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. उष्म्याने त्यांचे स्वर सरकतात, आणि दुरुस्ती करणारा जाणकार शोधावा लागतो.

नव्या पिढीतील लहान वाद्ये पाहू. कोर्गचा वोल्का कीज आटोपशीर आहे, पण त्याच्या पट्ट्या दाबायच्या नसून नुसत्या स्पर्शाच्या आहेत. पेटीवर बसलेल्या बोटांना त्या रुचत नाहीत. २०१३ साली आलेल्या आर्टुरिया मायक्रोब्रूटला स्मरणशक्ती नाही. आज जुळवलेला आवाज उद्या हवा असेल, तर कोणती खुंटी कोठे होती हे वहीत टिपून ठेवावे लागते. आम्हांला हे वैगुण्य वाटत नाही. विद्यार्थ्याला वहीची सवय लागलेली बरी. कोर्गच्याच मिनिलॉगवर (२०१६) एका वेळी चार स्वर उमटतात. चित्रपटगीतांच्या साथीला ते उपयोगी. रागसंगीत शिकणाऱ्याला एका वेळी एकच स्वर पुरतो.

आमचा कल आहे तो त्याच घराण्यातील मोनोलॉगकडे. तो एकस्वरी आहे, पट्ट्या पंचवीस, त्याही लहान. परंतु त्यात प्रत्येक स्वर आपल्या इच्छेप्रमाणे किंचित चढवता वा उतरवता येतो. पेटीवरचा मुख्य आक्षेप ठाऊक असेलच: तिचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा असतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होते. मोनोलॉगवर तो गंधार चौदा भाग उतरवून षड्जाशी ताडून पाहता येतो. गळ्यावर मेहनत करणाऱ्या मुलाला हा फरक कानांनी कळणे केवढी मोठी गोष्ट आहे! मींड आणि गमक मात्र गळ्यातूनच शिकाव्यात.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. यांतल्या बहुतेक वाद्यांना स्वतःचा पुरेसा आवाज नसतो. हेडफोन किंवा स्पीकर यांचा खर्च आधीच धरावा, नाहीतर घरी आल्यावर मुलाचे तोंड उतरते. संगणक असेल, तर व्हीसीव्ही रॅक नावाची विनामूल्य प्रणाली घेऊन महिनाभर चिरंजीवांना तिच्यावर बसवावे. महिन्यानंतरही उत्साह टिकला, तर दुकानात जावे. तेथे तयार आवाज ऐकवून दिपवणाऱ्या विक्रेत्याला थांबवावे, एकच स्वर धरून फिल्टरची खुंटी सावकाश उघडावी आणि हेडफोन मुलाच्या कानाला लावून द्यावा.