प्रथिनाला बांधलेलं मेदाम्ल

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडच्या शिवारात कापूस पिकतो. सरकीच्या तेलातल्या मेदाम्लांपैकी साधारण 20 ते 25 टक्के पामिटिक आम्ल असतं, म्हणजे 16 कार्बनांची साखळी. आपलं शरीर हे आम्ल स्वतःही बनवतं, आणि ते केवळ ऊर्जेसाठी नाही.

पेशीचं आवरण मेदाचं असतं. पाण्यात रमणारं प्रथिन तिथे आपोआप थांबत नाही. मेदाम्लाचं दावं लावलं की ते आवरणाला धरून राहतं. ही जोडणी विकरं करतात. माणसात पामिटिक आम्ल जोडणारी अशी 23 विकरं आहेत. विकर ते आम्ल आधी स्वतःच्या सिस्टीन या अमिनो आम्लावर घेतं, मग प्रथिनाच्या सिस्टीनला देतं. 2018 मध्ये अनिर्बन बॅनर्जी यांच्या गटाने अमेरिकेत यातल्या एकाची त्रिमितीय रचना उलगडली.

14 कार्बनांचं मिरिस्टिक आम्ल जोडणारी विकरं वेगळी, माणसात दोनच. तो जोड सहसा कायमचा.

पामिटिकचा जोड मात्र सुटतो, आणि मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. पेशीला वाढीचा संदेश देणारी रास कुळातली काही प्रथिनं या जोडामुळे आवरणावर पोचतात, तो सुटला की आत परततात आणि पुन्हा बांधली जातात. रासमधला बिघाड अनेक कर्करोगांत दिसतो, म्हणून औषधसंशोधक पामिटिक जोडणाऱ्या विकरांच्या मागे आहेत.

सोडवणंही तितकंच मोलाचं. पीपीटी-1 हे सोडवणारं विकर जन्मतः निकामी असेल, तर तान्ह्या बाळाची दृष्टी आणि मेंदू हळूहळू खालावतात. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलं, तरच हा आजार होतो.