चढणीचा मासा

मृग नक्षत्र लागते. पहिला मोठा पाऊस होतो. डोंगराचे तांबडे पाणी ओढ्याला येते आणि ओढा तळ्याकडे धावतो. त्या रात्री गावात कोणाला झोप नसते. कंदील आणि बत्त्या बाहेर निघतात. कोणी पाग घेतो, कोणी टोपली, कोणी नुसता कोयता. "मासा चढला रं!" अशी हाक एका आळीतून दुसऱ्या आळीत जाते.

आम्हीही लहानपणी असेच पळालो आहोत. एका रात्रीत पाटीभर मासे घरी आणले आहेत. मासे चिरताना आई म्हणायची, "अरे, ह्या तर साऱ्या माद्या. पोटं गाबोळीनं भरलीत." गाबोळी तळून खाण्याच्या आनंदात त्या बोलण्याचा अर्थ आम्हाला कळला नाही. तो पुष्कळ वर्षांनी कळला. तोवर ओढ्याचा मासा पातळ झाला होता.

मासा पहिल्या पुरात का चढतो? तो कधी काठाला येतो, कधी खोल जातो? हे या पाठात पाहू.

पाण्याची ऊब आणि मासा

माणसाचे अंग थंडीतही ऊन असते. माशाचे तसे नाही. पाणी गार झाले की मासा गार, पाणी ऊन झाले की मासा ऊन. म्हणून माशाचा सारा दिनक्रम पाण्याच्या उबेवर चालतो.

पौष-माघात पाणी गार असते. तेव्हा मासा खोल पाण्यात जाऊन राहतो. हालचाल थोडी करतो, खातोही थोडे. म्हणून थंडीत मासा फारसा वाढत नाही.

होळीच्या सुमारास ऊन तापू लागते. काठाचे उथळ पाणी आधी ऊन होते. त्या उबेत बारीक किडे आणि शेवाळ वाढते. ते खायला मासा काठाला येतो. आता त्याला भूक लागते, अंग भरते. याच दिवसांत मादीच्या पोटात अंडी धरू लागतात.

वैशाखात तळे आटते. पाणी फार तापले की त्यात हवा कमी मावते. रात्री पाण्यातल्या वनस्पतीही ती हवा वापरतात. म्हणून पहाटे कधी कधी मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. लोकांना वाटते, मासे खेळायला वर आले. खेळायला नव्हे, ते गुदमरलेले असतात. अशा वेळी तळ्यात शेण किंवा खाद्य टाकू नये. ते कुजताना उरलीसुरली हवाही खाऊन टाकते. जमले तर विहिरीचे ताजे पाणी वरून धार धरून सोडावे.

नव्या पाण्याची ओढ

आता मृगाची गोष्ट. मादीचे पोट अंड्यांनी भरलेले आहे. ती वाट पाहते ती नव्या पाण्याची. पाऊस पडतो, पाणी गार होते, पातळी चढते, ओढा वाहू लागतो. ही खूण मिळताच नर-माद्या प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात. यालाच आपण चढण म्हणतो. कोणी वलगणीचा मासा म्हणतात.

वर चढून मासा काय करतो? पुराचे पाणी काठाच्या गवतावर, पडीक रानात पसरते. ते पाणी उथळ असते. तिथे मोठे शिकारी मासे कमी आणि पिलांना खायला बारीक जीव भरपूर. तिथे मादी अंडी सोडते आणि नर त्यावर आपले रेत सोडतो. पिले तिथे वाढतात आणि पाणी ओसरताना ओढ्यातून खाली तळ्यात येतात. म्हणजे ओढा ही माशाची बाळंतिणीची खोली आहे आणि तळे हे त्याचे घर आहे.

आता हिशोब करू. एक किलो वजनाच्या रोहू मादीच्या पोटात दोन लाखांच्या घरात अंडी असतात. त्यातली बहुतेक अंडी आणि पिले मरतात. काही वाहून जातात, काही दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. थोडी जगावी म्हणूनच निसर्गाने इतकी दिली आहेत. पण अंडी सोडण्याआधीच मादी पाटीत पडली, तर जगायला उरले कोण?

शेतकरी घरात उपास पडला तरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही. गाबोळीचा मासा हे तळ्याचे बियाणे आहे.

मरळीचे बिऱ्हाड

मरळ मात्र प्रवाहाची वाट पाहत नाही. ती काठाच्या गवतात, उथळ संथ पाण्यात जागा साफ करते आणि तिथे अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. पिले बाहेर आली की ती तांबूस दिसतात आणि थव्याने फिरतात. थव्याच्या खाली किंवा बाजूला मोठी मरळ राखण करीत असते.

आम्ही एकदा तळ्याच्या काठी असा तांबडा थवा पाहिला. शेजारी एक म्हातारे भोई आबा जाळे विणत बसले होते. आम्ही म्हणालो, "आबा, खाली मोठी मरळ दिसतेय. पाग टाका की."

आबा म्हणाले, "नाय गुरुजी. ती आत्ता राखणीला हाय. तिला उचलली तर ही पोरं सांजपर्यंत दुसऱ्यांच्या पोटात जातील. पंधरा-वीस दिस थांबू. मग तीबी आपलीच नि पोरंबी आपलीच."

आबांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पण हा धडा आम्हाला त्यांनीच दिला.

रोहू आणि कटला यांचे काय?

पुष्कळ तळ्यांत आता रोहू, कटला आणि मृगळ हे मासे पाळतात. हे मूळ उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. तिघे एकत्र राहिले तरी भांडण नाही.

पण एक अडचण आहे. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. तळ्यात मादीच्या पोटात अंडी पिकतात, पण बाहेर पडत नाहीत. पूर्वी लोक पावसाळ्यात नदीतून या माशांची पिले धरून आणीत. त्यात नको त्या माशांची पिलेही मिसळून येत.

१० जुलै १९५७ रोजी ही अडचण सुटली. ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. माशाच्या मेंदूखाली एक लहानशी ग्रंथी असते. तिचा अर्क त्यांनी पिकलेल्या मादीला टोचला. वाहत्या नदीवाचून मादीने अंडी दिली. आज हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. पहिले तीनेक दिवस पिलू आपल्या पोटाखालच्या पिशवीतल्या अन्नावर जगते. तेव्हा ते जिऱ्याएवढे असते, म्हणून त्याला मत्स्यजिरे म्हणतात. पुढे ते बोटाएवढे झाले की बोटुकली. मोठ्या तळ्यात जिरे सोडू नये, बोटुकली सोडावी. जिरे सोडले तर तळ्यातले मोठे मासे त्याची न्याहारी करतात.

कोणी म्हणेल, बोटुकली विकत मिळते, मग ओढा कशाला राखायचा? बोटुकली मिळते ती रोहू-कटल्याची. आपल्या ओढ्यातले शेंगटी, वाम आणि लहान खवल्यांचे मासे बहुधा विकत मिळत नाहीत. आणि गरिबाच्या घरी कालवणात तेच पडतात.

गावाने काय केले

आम्ही ही गोष्ट पारावर काढली. एक गडी उठून म्हणाला, "गुरुजी, आम्ही नाही धरला तर वरच्या गावचे धरतील. मग आम्हीच का उपाशी राहावं?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ओढा एका गावाचा नसतो.

मग दोन्ही गावांचे लोक देवळात बसले. बोलणे तापले. शेवटी एवढेच ठरले : पहिला पूर आल्यापासून तीन रात्री ओढ्यात कोणी जाळे लावायचे नाही. भोई मंडळींनी राखण करायची. त्यांचे पोट माशावर, म्हणून त्यांनाच याची जास्त काळजी.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी ऐकले नाही. दोघे-तिघे अंधारात जाऊन आलेच. पण भाद्रपदात पाणी निवळले, तेव्हा काठाला बारीक माशांचे थवे दिसले. असे थवे आम्ही फार दिवसांनी पाहिले. दुसऱ्या वर्षी राखणीला माणसे जास्त आली.

एवढे ध्यानात ठेवा

१. पहिल्या पुरात चढणारा मासा सोडून द्या. निदान गाबोळीची मादी पाण्यात परत टाका.

२. ओढ्याच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत जाळे बांधू नका. माशाला वाट ठेवा.

३. बारीक डोळ्यांचे जाळे वापरू नका. त्यात पिले अडकतात.

४. तांबड्या पिलांबरोबर फिरणारी मरळ मारू नका.

५. सुरुंगाची दारू किंवा विष घालून मासे मारू नका. मोठ्याबरोबर पिले, अंडी, सारेच मरते. ते पाणी गुरे-माणसेही पितात. १८९७ सालच्या कायद्यातही हा गुन्हा ठरवला आहे.

समुद्रावरचे कोळी पाहा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर ते होड्या लोटतात. तोवर दर्या खवळलेला असतो आणि माशालाही उसंत मिळते. त्यांना दोन महिने धीर धरता येतो. आपल्याला तीन रात्री धरता येणार नाही काय?

सांगा पाहू

१. थंडीत मासा खोल पाण्यात का जातो?

२. पहाटे मासे तोंड वर का काढतात?

३. रोहू तळ्यात अंडी का घालीत नाही?

४. तुमच्या ओढ्यात पूर्वी कोणते मासे चढत होते? आज कोणते चढतात? घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि नावे पाटीवर लिहा.