गोठवलेल्या देहाची बातमी आणि वाचकांचे प्रश्न

भविष्यातील वैद्यक आजचा असाध्य आजार बरा करील आणि मृताला पुन्हा जिवंत करील, या आशेने मृतदेह उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवण्याच्या प्रक्रियेला क्रायोनिक्स म्हणतात. या विषयाची चौकशी लोक एरवी फारशी करीत नाहीत. एखादी बातमी गाजली की प्रश्नांना उधाण येते आणि काही आठवड्यांत ते ओसरते. त्यामुळे बातमीत काय सांगितले जाते आणि काय गाळले जाते, यावरच लोक कोणते प्रश्न विचारतील हे ठरते.

रॉबर्ट एटिंजर यांच्या १९६४ मधील पुस्तकाने ही कल्पना अमेरिकेत घरोघरी पोहोचवली आणि १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड यांचा देह गोठवण्यात आला. पुढे २००२ मध्ये बेसबॉलपटू टेड विल्यम्स यांच्या देहावरून त्यांच्या अपत्यांत झालेला वाद, आणि २०१६ मध्ये कर्करोगाने मरण पावलेल्या चौदा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा खटला, यांमुळे हा विषय जगभर चर्चिला गेला. मुलीच्या खटल्यात देहाविषयीचा निर्णय आईने घ्यावा, एवढेच न्यायालयाने ठरवले होते आणि आपला निकाल क्रायोनिक्सच्या योग्यायोग्यतेविषयी नाही, असे न्यायाधीशांनी स्पष्ट केले होते. तरीही मुलीने खटला जिंकल्याची शीर्षके वाचणाऱ्याला न्यायालयाने या तंत्रालाच मान्यता दिल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते.

धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला अशी बातमी शक्य कोटीतील वाटते, यालाही सबळ कारण आहे. देवणी गायी पाळणाऱ्या या भागात पशुवैद्यकीय दवाखान्यातील नायट्रोजनच्या पात्रातून काढलेली गोठवलेल्या रेताची कांडी वापरून कृत्रिम रेतन होते आणि गाय गाभण राहते, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. ग्लिसरीन मिसळल्यास शुक्रपेशी गोठूनही जिवंत राहतात, हा शोध १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावरच ही सारी व्यवस्था उभी राहिली. पेशी टिकते, तर देह का टिकू नये, हा प्रश्न त्यामुळे अडाणीपणाचा नसून अनुभवातून आलेला आहे.

त्याचे उत्तर आकारमानात आणि वेळेत आहे. सुट्या पेशींभोवती संरक्षक द्रव सहज पोहोचतो आणि बर्फाचे स्फटिक होण्याचे टळते. अवयवात मात्र तो सर्वत्र सारखा पोहोचत नाही, अधिक प्रमाणात तो स्वतःच विषारी ठरतो, आणि गोठवताना वा पुन्हा उबदार करताना ऊतींना, म्हणजे पेशींच्या समूहांना, तडे जातात. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी शंभर दिवसांपर्यंत साठवलेली उंदरांची मूत्रपिंडे प्रत्यारोपणानंतर कार्यरत करून दाखवली, ही प्रगती मोठी आहे. परंतु संपूर्ण देह अशा प्रकारे साठवून एकही सस्तन प्राणी आजवर जिवंत झालेला नाही. शिवाय क्रायोनिक्सची प्रक्रिया कायद्याने मृत्यू जाहीर झाल्यावरच सुरू करता येते, आणि प्राणवायूअभावी मेंदूची हानी तर काही मिनिटांतच सुरू होते.

ही साठवण कोण आणि किती काळ सांभाळणार, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे पैसा संपल्यावर गोठवलेल्या देहांची देखभाल थांबली आणि ते कुजले, हे १९७९ मध्ये उघड झाले. पण आशेच्या बातमीत हा इतिहास क्वचितच येतो.

अमेरिकेतील अल्कोर ही क्रायोनिक्स संस्था देह स्वीकारते ती कायद्याने देहदान म्हणूनच. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यान्वये देहदान होते, परंतु ते वैद्यकीय शिक्षणासाठी. आणि धाराशिवमध्ये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने येथील विद्यार्थ्यांना त्या देहांची खरी गरज आहे. देहदानासारखाच दुसरा पर्याय नेत्रदानाचा; ते मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते आणि त्यातून अंध व्यक्तीला दृष्टी मिळू शकते, हे सिद्ध झालेले आहे.

म्हणून गोठवलेल्या देहाची बातमी छापताना काय सिद्ध झाले आणि काय झालेले नाही, हे वृत्तपत्रांनी त्याच बातमीत सांगावे. वाचकांनीही कुतूहल दडपू नये. मात्र मृत्यूनंतर आपल्या देहाचे काय व्हावे हा विचार मनात आलाच असेल, तर नेत्रदान आणि देहदानाची चौकशी आजच करावी आणि आपली इच्छा घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवावी.