उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे : स्वयंरोजगार व आयकर

पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या आपल्या मलकापुरात स्वतःच्या धंद्यावर संसार चालविणारे पुष्कळ आहेत. कोणी इलेक्ट्रिक फिटिंगची कामे घेतो, कोणी गॅरेज चालवितो, कोणी शिलाईकाम करते. यांपैकी अनेकजण आयकराचे नाव काढताच बिचकतात. खात्यावर अठरा लाख जमा झाले म्हणजे अठरा लाखांवर कर बसणार, अशी त्यांची समजूत असते. या भीतीपोटी विवरणपत्र भरले जात नाही. आणि पुढे कर्ज देताना बँकेने दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली की दाखवायला काहीच नसते. म्हणून सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी ही माहिती आम्ही सोप्या शब्दांत देत आहोत.

कर उलाढालीवर नसतो, नफ्यावर असतो. माल, मजुरी, दुकानभाडे, वीजबिल वजा जाऊन उरते ते उत्पन्न. हिशेबाच्या वह्या ठेवणे जमत नसेल, तर २ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. रोख जमेच्या ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या जमेच्या ६ टक्के एवढा नफा धरावा. १८ लाखांपैकी १२ लाख बँकेतून व ६ लाख रोख आले असतील, तर ७२,००० अधिक ४८,००० म्हणजे १,२०,००० रुपये होतात. मात्र ही किमान मर्यादा आहे. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवावा. विमा एजंटांसारख्या कमिशनवर काम करणाऱ्यांना ही सोय मिळत नाही. वकील, डॉक्टर, अभियंता यांनी फीच्या निदान ५० टक्के उत्पन्न धरावयाचे असते.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५ टक्के, आणि पुढे दर चढत जातात. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सवलतीमुळे धंद्याच्या उत्पन्नावरील कर शून्य होतो. तरीही उत्पन्न ४ लाखांवर गेले की विवरणपत्र भरावेच लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

एखाद्या अभियंत्याची फी २८ लाख असेल, तर उत्पन्न १४ लाख धरता येते. कर २०,००० अधिक ४०,००० अधिक ३०,००० म्हणजे ९०,००० होतो. त्यावर ४ टक्के उपकर धरून ९३,६०० रुपये, म्हणजेच दरमहा ७,८०० रुपये बाजूला ठेवावेत. फी देणाऱ्याने आधीच करकपात केली असल्यास ती २६ एएस विवरणात पाहून यातून वजा करावी. जास्त कपात झाली असेल तर विवरणपत्र भरल्यावर परतावा मिळतो. उरलेला कर १०,००० किंवा अधिक असल्यास आगाऊ भरावा लागतो. अंदाजित पद्धत घेणाऱ्यांना तो १५ मार्चपर्यंत एकरकमी भरता येतो. इतरांना जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च असे चार हप्ते असतात. चुकल्यास व्याज लागते.

२०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. दरही अर्थसंकल्पानंतर दरवर्षी पडताळून घ्यावेत.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला कमाईचे चार भाग करावयास सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, आणि चौथा अडचणीसाठी राखून ठेवावा. कराची रक्कम दरमहा वेगळी काढण्याची शिस्त याच जातीची आहे. आजच एक वही घ्यावी, रोजची जमा व खर्च लिहावा आणि शून्य कराचे का असेना, विवरणपत्र वेळेवर भरावे. बँकेच्या दारात तो कागदच आपली बाजू मांडील.