बॅकअप सर्व्हरची नवी उभारणी : जुनी वाट बंद करण्याची घाई नको

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. मूळ माहिती व तिची प्रत एकाच इमारतीत ठेवण्यातला धोका अशा दिवशी उघडा पडतो. त्या दृष्टीने मुंबई आणि पुणे यांच्या मधले लोणावळा, तळेगाव किंवा वडगाव मावळ ही दुसरी प्रत ठेवण्यास सोयीची ठिकाणे आहेत. मात्र लोणावळ्याचे वार्षिक पर्जन्यमान अनेकदा चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. चार महिन्यांची दमट हवा, वळवाच्या विजा आणि अधूनमधून जाणारी वीज यांचा विचार करूनच तेथे सर्व्हर उभारावा लागतो.

खरी अडचण मात्र हवामानाची नाही. हार्ड डिस्कवर फायली कोठे व कशा मांडायच्या हे ठरविणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी-४ अचानक वीज गेल्यास स्वतःची नोंदवही सावरते. पण फायलीतील मजकूर जसा लिहिला तसाच राहिला आहे का, हे ती तपासत नाही. कागदाला लागलेली वाळवी निदान दिसते. डिस्कवरचा एखादा बिट उलटला तर कोणालाच कळत नाही. मूळ संगणकावर असे झाले, तर बॅकअपच्या वेळी तीच बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर लिहिली जाण्याची भीती असते. रुग्णालयाची जुनी छायाचित्रे किंवा जमिनीच्या खरेदीखतांची स्कॅन केलेली पाने अशा रीतीने निरुपयोगी झाली, तर ते कळते थेट गरजेच्या वेळी.

सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस आणि २००९ मध्ये लिनक्समध्ये दाखल झालेली बीटीआरएफएस यांनी यावर उपाय दिला. माहितीच्या प्रत्येक तुकड्याचा पडताळा-अंक काढून तो वेगळा ठेवला जातो. वाचताना अंक जुळला नाही, तर जोडीच्या डिस्कवरील चांगला तुकडा घेऊन दुरुस्ती होते. नवा मजकूर जुन्यावर न लिहिता दुसरीकडे लिहून मगच खूण बदलली जाते; त्यामुळे मध्येच वीज गेली तरी जुनी किंवा नवी यांपैकी एक अवस्था शाबूत राहते. याच रचनेमुळे ‘स्नॅपशॉट’ काढून कालची, गेल्या महिन्याची स्थिती थोड्या जागेत जपता येते. ज्यांच्याकडे मूळ फायलीच बिघडल्या, त्यांना हा मोठा आधार ठरतो.

स्थलांतर कसे करावे याचे उदाहरण बोरघाटातच आहे. १८६३ पासून गाड्यांना घाटात एका ठिकाणी थांबून दिशा बदलावी लागे. नवा मार्ग व बोगदे तयार झाल्यावरच, १९२९ मध्ये, ते स्थानक सोडून देण्यात आले. सर्व्हरच्या बाबतीतही जुन्या डिस्क पुसून त्यांवरच नवी व्यवस्था बसविणे हा पैसे वाचविण्याचा सर्वांत महागडा मार्ग होय. नव्या डिस्क, त्याही शक्यतो वेगवेगळ्या उत्पादन-खेपांमधल्या, घ्याव्यात. काही दिवस चाचणी घेऊन मग जोड्या लावाव्यात. मालकी व परवानग्यांसह नक्कल करावी आणि दोन्हीकडचे पडताळा-अंक जुळवावेत.

वेळेचा हिशेबही आधी मांडावा. चार टेराबाइट माहिती कार्यालयातील गिगाबिट जाळ्यावरून सुमारे दहा तासांत जाते. लहान फायली लाखोंनी असल्या तर बराच अधिक वेळ लागतो. तीच माहिती सेकंदाला २० मेगाबिटच्या इंटरनेट जोडणीवरून पाठवायची तर अठरा दिवसांहून अधिक लागतात. पहिली नक्कल डिस्कवर घेऊन पुणे-लोणावळा लोकलने नेणे अधिक शहाणपणाचे! त्यानंतरचे रोजचे फरक मात्र तारेवरून सहज जातात.

उभारणीनंतर महिन्यातून एकदा सर्व माहितीची ‘स्क्रब’ तपासणी चालवावी, तिचा अहवाल ई-मेलने येतो ना हे पाहावे आणि यूपीएसची बॅटरी पावसाळ्यापूर्वी तपासावी. स्नॅपशॉट त्याच यंत्रात असतात. प्रशासकाचा पासवर्ड हाती लागलेला हल्लेखोर ते पुसू शकतो. म्हणून एक प्रत जाळ्यापासून अलग हवीच. नव्या सर्व्हरवरून काही फोल्डर दुसऱ्या संगणकावर परत मिळवून, उघडून पाहिल्याखेरीज जुन्या डिस्क हलवू नयेत. त्यानंतरही एक पावसाळा जाईपर्यंत त्या कोरड्या कपाटात, तारखेची चिठ्ठी लावून ठेवाव्यात.